दुरुस्तीसाठी परत

चाचा, आज तुमची फाईल उघडली. तुम्ही ती माझ्या टेबलावर ठेवून गेलात त्याला आज नववा दिवस, आणि तुम्हाला माती देऊन सहावा. एवढे दिवस ती तशीच पडून होती. हिरवी नाडी, वर तुमच्या त्या कोरीव अक्षरात लिहिलेलं: शेख अस्मा महेबूबसाब, बीएस्सी नर्सिंग, प्रथम वर्ष, अल्पसंख्याक शिष्यवृत्ती. मी रोज तिच्यावरची धूळ पुसायची आणि जरा शेजारी सरकवायची. आज शिपाई म्हणला, "बाई, शनिवारी पोर्टल बंद व्हायलंय, ही एवढी एकच राहिली." मी त्याच्यावर खेकसले. तुम्हाला ठाऊकच आहे, मला भीती वाटली की मी खेकसते.

त्या शुक्रवारी सकाळी तुमच्या दुकानाशेजारच्या झेरॉक्सवाल्याचा फोन आला होता. "बाई, दस्तगीरचाचा गेले." मी विचारलं, "कुठं?" कारण तुम्ही सारखे कुठंतरी गेलेलेच असायचात. भोकरला कुण्या पोरीचा रहिवासी दाखला अडकला, चला. नांदेडला कुणाची सीईटी, बापाला स्टेशनवरून सेंटर सापडत न्हाई, चला. तो माणूस म्हणला, "बाई, गेले म्हणजे वारले." मी फोन ठेवला आणि समोरच्या मुलीचे कागद तपासत राहिले. तिच्या बोनाफाईडवर चाकूरच्या शाळेचा गोल शिक्का होता. हा चाचांच्याच हातचा असणार, असं मनात आलं, आणि मग पुढचं काही वाचता येईना. मुलीला म्हणलं, उद्या ये. ती बिचारी घाबरली, तिला वाटलं कागदात काही खोट निघाली.

चाकूरला तहसीलच्या भिंतीला लागून तुमची टपरी. रबरी शिक्के आणि नावाच्या पाट्या. तुमची शाळा उर्दूतली, तीही सातवीपर्यंत, पण तालुक्यातल्या एकूण एक साहेबाचा हुद्दा तुम्हाला पाठ, कारण तो तुम्ही उलटा कोरलेला असायचा. उलटी अक्षरं वाचायची तुम्हाला एवढी सवय की टेबलाच्या त्या बाजूला बसून माझं लिहिलेलं तुम्ही सरळ वाचायचात. मी शेरा लिहायला घेतला की दुसऱ्या शब्दालाच तिकडून आवाज यायचा, "आक्का, थांबा, तो दाखला मागं लावलाय." वयानं मी तुमच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, तरी मी आक्का. आमच्या लिंगायतांच्या घरात थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात हे तुम्हाला माहीत होतं, आणि थोरल्या बहिणीवर हक्कानं काम टाकता येतं हेही माहीत होतं.

पहिल्यांदा आलात ते तांड्यावरच्या एका लमाण पोरीला घेऊन. मी या कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर नवी होते आणि नवा माणूस जेवढा कडक असतो तेवढी कडक होते.

"पालक कुठायत?"

"मीच."

"नातं काय?"

"शिक्क्याचं," तुम्ही म्हणलात. "हिच्या बापानं मला इचारलं, कागदावर असा शिक्का पाहिजे, कुठं भेटतो? मी म्हणलं, शिक्का मी देतो, पण त्याच्याखालची सही भेटायला लातूरला जावं लागंल. तो म्हणला मला लातूरचं काय कळतंय. मग आलो."

मला हसू आलं होतं, पण मी दाबलं. त्या पोरीची फी माफ झाली, वर होस्टेलचा भत्ता लागला, आज ती उदगीरकडं सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. ती गेली आणि तुम्ही दुसरी आणलीत. मग तिसरी. शेख, पठाण, मांग, वडार, मराठ्याची, वाण्याची, जी अडली ती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं तुम्ही सगळ्या योजना लिहून ठेवायचात, कोणती कधी बंद होते त्या क्रमानं. नर्सिंगला काय मिळतं, फार्मसीला काय, फिजिओथेरपीला कोणता ट्रस्ट मदत करतो, बाप नसलेल्या पोरीला वेगळं काय आहे. पोरगी दारातून आत आली की तुम्ही म्हणायचात, "आक्का, ही कशात बसती बघा." आणि मी म्हणायची, "आधी खुर्चीत तरी बसू द्या तिला."

आमच्या लातूरला जो येतो तो डॉक्टर व्हायलाच येतो. मार्क कमी पडले की बाप तोंड पाडून परतीच्या गाडीला लागतात, की चला, आता लगीन. तुम्ही त्यांना स्टँडवर गाठायचात. "डॉक्टर दिवसातून एकदा फेरी मारतो हो. पेशंटच्या उशाशी राहती कोण?" असं विचारायचात, आणि बाप विचारात पडला की त्याच्या हातातली पिशवी तुम्ही आपल्या हातात घ्यायचात. पिशवी घेतली की माणूस मागनं येतोच, हा तुमचा सिद्धांत. खोटा उत्पन्नाचा शिक्का करून द्या म्हणणारेही यायचे तुमच्याकडं. त्यांना तुम्ही चहा पाजून वाटेला लावायचात. म्हणायचात, माझ्या हातनं एक खोटा निघाला तर खरे सगळे खोटे ठरतील.

माझे मालक गेले तेव्हा तुम्ही आला होतात. आमच्यातही माती देतात, बसवून. परत कामावर आल्यावर आठ दिवस मी कुणाशी बोलत नव्हते. तुम्ही चहाचा कप माझ्याकडं सरकवत म्हणलात, "आक्का, आपलं दोघाचं एकच, माती. फरक एवढाच, आम्ही झोपून जाताव, तुम्ही बसून. मेल्यावर बी तुमच्या लोकांची खुर्ची सुटत न्हाई." अख्ख्या ऑफिसात कुणाची असं बोलायची छाती झाली नसती. मी हसले, आणि मग रडले, आणि तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसलात, मला रडायला वेळ मिळावा म्हणून. तेवढी माणुसकी त्यानंतर कुणी दाखवली नाही हो. लेक सोलापूरला, तिचा तिचा संसार. घरी मी आणि भिंती. बोलायचं म्हणजे तुमच्याशी, तेही नाव, जात, उत्पन्न, रहिवासी याच्या आडून.

आता जे सांगायचंय ते सांगते. पाच वर्षं तोंडात धरून बसले होते.

अस्माचा पहिला अर्ज. पाच वर्षांपूर्वीचा. ती तुमची नात, तुमच्या मुलाची, महेबूबची, एकुलती एक; आजोबा म्हणून तुम्हाला दादा म्हणणारी. महेबूब टेम्पोवर होता, ती सहावीत असताना अपघातात गेला. पोरीला इथंच आमच्या कॉलेजात नर्सिंगला नंबर लागला, आणि तुम्ही कधी नव्हे ते पेढे घेऊन आलात. दुसऱ्यांच्या पोरींची कामं करता करता शेवटी घरची पोरगी आली होती. मी अर्ज उघडला आणि माझ्या कपाळाला आठी पडली. दहावीच्या सर्टिफिकेटावर नाव महेबूबसाब. आधारवर नुसतं महेबूब. उत्पन्नाच्या दाखल्यावर महेबूब. बँकेत महेबूब.

आपल्या भागात हे नवं नाही. इमामसाब, चाँदसाब, लाडलेसाब, अर्ध्या जिल्ह्याच्या नावांना साब चिकटलेलं आहे. अस्माचं कसं चिकटलं ते तुम्ही सांगितलंत. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी तिला विचारलं, बापाचं नाव काय? ती म्हणली, महेबूब. गुरुजी म्हणले, बापाचं नाव असं नुसतं घेऊ नाही बाळा, आणि त्यांनी रजिस्टरात साब लावलं. लेकराला रीत शिकवायला लावलेला शब्द, तो दहावीपर्यंत तसाच चालत आला.

मी म्हणलं, "स्टॅम्प पेपरवर लिहून आणा. साब हा शब्द चुकीनं लागला, दोन्ही नावं एकाच माणसाची. संपलं."

"चुकीनं कसं म्हणू?"

"सगळे तसंच लिहितात. मजकूर ठरलेला आहे."

"सगळ्यांचं सगळे जाणोत. मेलेल्या लेकराच्या मागं इज्जतीचा एवढा एक शब्द ऱ्हायलाय, आक्का. त्याला बी चूक म्हणून माझ्या हातानं लिहून देऊ?"

त्या दिवशी शेवटची तारीख तोंडावर होती, टेबलापुढं रांग होती, आणि माझं डोकं सकाळपासून फिरलेलं होतं. मी म्हणले, "इज्जत घरी ठेवा चाचा. इथं आधार लागतं."

तुम्ही उठलात. टोपी नीट केलीत. सगळ्या रांगेसमोर म्हणलात, "तुमच्या मशिनीला अदब न्हाई, ते कळतंय मला. तुम्हाला तरी हाय का?" आणि गेलात.

माझी जीभ तुम्हाला ठाऊक होती, पण त्या दिवशी मी बोलले नाही. तिथंच चुकलं. बोलले असते तर भडभडून गेलं असतं. मी गप्प बसून स्क्रीनकडं वळले. तिथं दोन बटणं असतात. एक अर्ज दुरुस्तीसाठी पोरीकडं परत पाठवायचं. ते दाबलं की तिला मुदत मिळते, कागद बदलून ती पुन्हा पाठवू शकते. दुसरं नामंजूरचं. ते दाबलं की त्या वर्षापुरतं खलास. रोज पन्नासदा पहिलं बटण दाबणारी मी. त्या दिवशी दुसरं दाबलं. शेऱ्यात लिहिलं, नाव बरोबर नाही. मला कळत होतं मी काय करतेय. माझा हात चुकला असं मी आजवर स्वतःला सांगत आले, पण हात चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं तुम्ही आलात. राग उतरला होता. "काल लई बोललो, आक्का. माफ करा," असं तुम्ही म्हणलात. तुम्ही म्हणलात, मी नाही. मग विचारलंत, "काय झालं अर्जाचं? लिहून आणू का काय म्हणताव ते?"

मी म्हणले, "पोर्टलनं काढला."

"पोर्टलनं?"

"हाव."

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी प्रिंटरमध्ये कागद लावायला लागले. मग तुम्ही म्हणलात, "बरं." आणि चहा संपवून गेलात.

दिवाळीनंतर अस्मानं कॉलेज सोडलं. फी कुठून भरणार होतात तुम्ही, शिक्के विकून? तिचा दाखला मीच टाईप केला. सोडण्याचं कारण: स्वेच्छेने. ती सही करायला वाकली तेव्हा तिच्या बोटांवर मेंदीचा फिका रंग होता, आणि मी टाचणी शोधायच्या निमित्तानं ड्रॉवरमध्ये डोकं घातलं. नंतर ती नांदेडला मामाकडं गेली, एका खाजगी दवाखान्यात काउंटरवर नंबर द्यायला लागली. ज्या पोरीनं इंजेक्शन द्यायचं ती नंबर देत बसली.

त्यानंतर महिनाभर तुम्ही आला नाहीत. मग एक दिवस आलात, पेपरात गुंडाळलेलं काहीतरी माझ्यापुढं ठेवलंत. लाकडी मुठीचा शिक्का. मी उलटा करून बघितला, मला काही वाचता येईना. तुम्ही तो पॅडवर टेकवून रद्दीवर मारला. दुरुस्तीसाठी परत.

"हे काय?"

"तुमच्या कामाचं हाय."

"चाचा, सगळं ऑनलाईन झालं. आता हा कशावर मारू, स्क्रीनवर?"

तुम्ही हसलात. "ठेवा. कवातरी लागंल." आणि दाराकडं बघून हाक मारलीत, "ये गं आत, लाजू नको." नवी पोरगी होती, भोकरची, फिजिओथेरपीला लागलेली. तुम्ही म्हणलात, "आक्का, ही कशात बसती बघा."

मला केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू. मला वाटलं, झालं गेलं चाचांनी गोदावरीत सोडलं. तो शिक्का मी कागद उडू नयेत म्हणून खिडकीपाशी ठेवला. पाच वर्षं तो तिथंच आहे.

पाच वर्षं तुम्ही येत राहिलात. आणि मी, सांगायला लाज वाटते, तुमच्या पोरींची कामं सगळ्यांच्या आधी करायला लागले. जेवायची सुट्टी सोडून केली, रजा टाकलेली मोडून केली. एकीचा जातीचा दाखला पडताळणीत अडकला तर मी स्वतः जाऊन बसले तिथं. तुम्ही कौतुक करायचात, "आमची आक्का म्हणजे सोनं हाय." अनेकदा वाटलं, आज सांगून टाकावं. तुम्ही बशीत चहा ओतून फुंकर मारायला लागलात की मी मनात वाक्य जुळवायची. तेवढ्यात कुणाचा तरी ओटीपी यायचा.

मागच्या मंगळवारी तुम्ही एकटेच आलात. जिना चढून दम लागला होता. पाणी दिलं तर अर्धा तांब्या प्यालात. मी म्हणलं, "डॉक्टरला दाखवा." तर म्हणलात, "आयुष्यभर नर्सा तयार केल्या, आता डॉक्टरकडं जाऊ होय?" मग फाईल पुढं ठेवलीत. मी नाव वाचलं. अस्मानं पुन्हा सीईटी दिली होती. तिला पुन्हा नंबर लागला होता. आमच्याकडंच. पाच वर्षं तुम्ही तिच्या मागं लागून राहिला होतात, आणि माझ्यासमोर कधी ब्र काढला नव्हता.

"उघडा की," तुम्ही म्हणलात.

"उद्या बघते, निवांत." माझ्यानं तुमच्यासमोर ती उघडवेना. पुन्हा तेच साब असणार, पुन्हा तोच मजकूर मागावा लागणार, आणि तुम्ही पुन्हा न्हाई म्हणणार. कुठल्या तोंडानं मागू?

"बघा निवांत. घाई न्हाई," असं म्हणून तुम्ही उठलात. दारात थांबलात, काही बोलणार होतात असं वाटलं. मग पंख्याकडं बोट दाखवून म्हणलात, "हा लई आवाज करून राहिलाय, तेल सोडायला सांगा." तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं पंख्याचं झालं.

तिसऱ्या दिवशीच्या जियारतीला मी चाकूरला आले. बायकांत बसले. मला कुणी ओळखत नव्हतं, पण मी नाव सांगितलं तर एक म्हातारी म्हणली, "अच्छा, वही अक्का," आणि तिनं माझ्यासाठी भिंतीकडची जागा केली, टेकायला. म्हणजे घरात माझं नाव होतं. ते ऐकून आनंद व्हावा की काळजात कळ यावी, मला समजेना. लोक पांगल्यावर अस्मा सतरंज्या झटकत होती. मोठी दिसायला लागली. मी एक टोक धरलं. घडी घालता घालता बोलून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं.

"अस्मा, तुझा पाच वर्षांपूर्वीचा अर्ज पोर्टलनं काढला नव्हता. मी काढला. रागात."

तिनं घडी पूर्ण केली. "ठाऊक हाय, बाई."

"कुणी सांगितलं?"

"दादानी त्याच दिवशी प्रिंट काढून आणली होती. त्याच्यावर लिहिलेलं अस्तंय की, कुठं अडला ते. महाविद्यालय स्तर."

उलटी अक्षरं वाचणारा माणूस. त्याला सरळ छापलेला कागद वाचता येणार नाही असं मला पाच वर्षं कसं वाटलं?

"मग मला बोलले का न्हाईत?"

"मी बी तेच म्हणलं. मी लई रडले. म्हणलं, जाऊन भांडा. तर म्हणले, त्या टेबलापुढं अजून लई पोरी उभ्या हायत. मी भांडलो तर त्येंच्या फाईली कोण बघंल?" ती दुसरी सतरंजी उचलायला वाकली, मग तशीच थांबली. "नंतर एक दिवस दुकानात बसून शिक्का करून राहिले होते. कुणाचा हो, म्हणलं, तर म्हणले अक्काचा. मला राग आला. म्हणलं, वरून तिला इनाम देताव? तर म्हणले, इनाम न्हाई गं. तिच्याकडं एकच बटन ऱ्हायलंय, दुसरं देऊन येतो."

मी तिथंच सतरंजीवर बसले.

मग विचारलं, "तुला माझा राग हाय का?"

"हाय," ती म्हणली. "दादावर बी हाय. एका शब्दासाठी दोघं अडून बसलाव, आणि मी नंबर देत बसले." मग आत जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आली. राग आहे म्हणली आणि चहा दिला, तुमचीच नात.

येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय होतं ते काही सांगता यायचं नाही. पाच वर्षांतला एक एक चहा आठवत होते. तुम्ही हसलात तो, आक्का सोनं हाय म्हणलात तो. चाचा, तुम्ही माझ्याकडं का येत होतात? पोरींच्या फाईली अडू नयेत म्हणून मला सांभाळून घेत होतात, की खरंच यावंसं वाटत होतं? त्या दिवशी तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसला होतात ते तर आधीचं, ते खरं होतं, एवढं मी धरून ठेवलंय. पुढचं कुणाला विचारू? ज्याला विचारायचं तो एकच माणूस होता. घरी आले, कुलूप उघडलं, आणि रात्रीचं जेवण करायचं राहून गेलं.

आणि आज फाईल उघडली. दहावीचं सर्टिफिकेट, आधार, उत्पन्न, मधल्या वर्षांचं गॅप सर्टिफिकेट, सगळं माझ्या पद्धतीनं लावलेलं, टाचण्यासुद्धा डाव्या कोपऱ्यात. सगळ्यात खाली स्टॅम्प पेपर. तुमचं प्रतिज्ञापत्र. मी न मागता आणलेलं. मला वाटलं, हरलात तुम्ही चाचा, शेवटी नातीसाठी लिहून दिलंत. वाईट वाटलं हो. भांडण मी जिंकले, आणि जिंकायचं नव्हतं मला.

मग वाचलं. टायपिस्टनं ठरलेला मजकूर मारलेला होता: सदर नावापुढील 'साब' हा शब्द चुकीने लागलेला असून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत. त्यातल्या 'चुकीने' या शब्दावर एक सरळ रेघ होती. वर तुमच्या कोरीव अक्षरात लिहिलेलं होतं: आदराने. बाजूला खाडाखोड केल्याची तुमची उर्दूतली छोटी सही, आणि तिच्यावर नोटरीचा शिक्का.

आदराने लागलेला असून दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत.

एवढंच तर होतं. नियमात बसतं, तुमच्यात बसतं, महेबूबमध्येही बसतं. पाच वर्षांपूर्वी मी पहिलं बटण दाबलं असतं आणि आपल्याला आठ-पंधरा दिवस मिळाले असते, तर आपल्या दोघांपैकी एकाला हा शब्द सुचला असता. तुम्हालाच सुचला असता. माझ्याकडं नियम आहेत, शब्द तुमच्याकडं होते. मंगळवारी "उघडा की" म्हणलात ते हे दाखवायला म्हणलात, आणि मी उद्यावर टाकलं. तुम्हाला माझं तोंड बघायचं होतं ना, तो शब्द वाचताना? मी कशी हसते ते? मला माफ करा चाचा. हे वाक्य पाच वर्षं जुळवत होते, ते एवढंच आहे.

अर्ज स्क्रीनवर उघडला. सगळे कागद एकदा बघितले, दोनदा बघितले. मंजूर करून पुढं पाठवला. मंजूर अर्जाला शेरा लिहायची गरज नसते, रकाना मोकळा सोडला तरी चालतो. मी लिहिलं: नाव बरोबर आहे.

मग पोच छापली. दर वेळी पोच तुम्ही न्यायचात, घडी घालून टोपीत ठेवायचात, आणि म्हणायचात एक बसली, चला. कागद प्रिंटरमधून बाहेर येऊन पडला, आणि मी सवयीनं तो टेबलाच्या त्या बाजूला सरकवला. पंखा आवाज करत होता. खिडकीपाशी जाऊन तो शिक्का उचलला. पाच वर्षांत एकदाही मारला नव्हता. जुनं पॅड शोधून काढलं, त्यावर दाबला आणि पोचेच्या पाठीवर मारून बघितला. पॅड पार वाळून गेलेलं. 'दुरुस्तीसाठी' काही उमटलं नाही. 'परत' तेवढं उमटलं.